शब्दचर्चा : लढाईवरून न परतलेल्या माणसाला काय म्हणायचं?

गंगापूर रोड
आमच्या सोसायटीत रविवारी ‘अ व्हेरी लाँग एंगेजमेंट’ दाखवतोय. जाँ-पिएर जनेचा २००४चा फ्रेंच सिनेमा. पहिलं महायुद्ध, जानेवारी १९१७, सोमची आघाडी. लढाईतून सुटका व्हावी म्हणून स्वतःला जखमी करून घेतल्याचा ठपका असलेल्या पाच सैनिकांना त्यांचेच अधिकारी शिक्षा म्हणून दोन्ही बाजूंच्या खंदकांमधल्या पट्ट्यात ढकलून देतात. त्यातला मानेक हा अगदी पोरसवदा. कागदोपत्री तो मेलेला. पोलिओमुळे लंगडत चालणारी त्याची वाग्दत्त वधू मातिल्द हे मानायला तयार नाही. युद्ध संपल्यावर ती त्याच्या शोधाला लागते.

पत्रकात मी ‘बेपत्ता प्रियकराचा शोध’ असं लिहिलं. बायको म्हणाली, पोलीस ठाण्याबाहेरची नोटीस वाटते. दुसरा शब्द सुचवा. शेवट कुणी फोडू नका!

सिडको
‘लापता’ लिहा की. ‘लापता लेडीज’नंतर पोरासोरांनाही कळतो.

कॉलेज रोड
कळतो, पण मराठी वाक्यात उपरा वाटतो. घडण दोन्हींची एकच : ‘ला’ अरबी, ‘बे’ फारसी, पुढचा पत्ता तोच. वहिनींचं म्हणणं मात्र खरं आहे. शब्दात खोट नाही, आपण तो जिथे वाचतो तिथला वास त्याला लागलाय. ‘वर्ण सावळा, बांधा सडपातळ, अंगात निळा शर्ट, घरातून न सांगता निघून गेला.’ त्याच्या डोक्यावर ‘बेपत्ता’ असतं.

बाकीचे शब्दही तपासून पाहा. ‘गहाळ’ वस्तूंसाठी, फाईल गहाळ होते. ‘फरार’चा प्रश्नच नाही. ‘परागंदा’ कानाला भारदस्त वाटेल. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला, पण मराठीत परागंदा होणारा माणूस स्वतःच्या पायांनी पळालेला असतो, देण्यापायी नाहीतर भीतीपायी. मानेकला परागंदा म्हटलंत तर लष्करी न्यायालयाचा निकाल तुम्हीच कायम केलात. ‘हरपलेला’ही नको. छत्र हरपतं ते कायमचंच, आणि मातिल्दचं भांडण त्या ‘कायमचं’शीच आहे. उरला ‘हरवलेला’. तो वाईट नाही, पण जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा वाटतो.

सिडको
मग ‘ज्याचा थांगपत्ता नाही असा’? थांग म्हणजे पाण्याचा तळ ना?

कॉलेज रोड
हो. शब्द सुरेख आहे, पण नकाराशिवाय तो सहसा येत नाही. ‘थांगपत्ता लागला’ असं कुणी आनंदाने सांगताना ऐकलंय? मातिल्दला तर धागे सापडत जातात. एक पत्र, एक जुने बूट, कुणाची तरी विधवा. त्याला ‘माग काढणे’ म्हणा. आणि ‘शोध’च ठेवा, ‘तपास’ नको, नाहीतर वहिनी पुन्हा नोटीस म्हणतील.

पंचवटी
आपल्याकडचा दाखला विसरताय. १४ जानेवारी १७६१, पानिपत. ‘दोन मोत्ये गळाली’ हा निरोप शाळेत सगळ्यांनीच वाचलाय. त्यातलं एक मोती विश्वासराव. त्यांच्या मातोश्री गोपिकाबाई पुढे आपल्या गंगापुरातच राहायला आल्या, मूळ प्रश्न विचारणाऱ्यांच्या अगदी शेजारी म्हणा ना. दुसरं मोती सदाशिवरावभाऊ. त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांची खात्री पटेना. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. म्हणून तर काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणत एकजण उभा राहिला आणि भलेभले त्याच्यामागे गेले. नाना फडणवीसांच्या कारभारात, १७७६ साली, त्याला देहदंड झाला. न परतलेल्यासाठी मराठीत नेमका शब्द नसेल, पण त्याच्या नावावर परतणाऱ्याला आहे : तोतया.

शिवाय ‘बारा वर्षं’. माणसाची बारा वर्षं काही खबर नसली तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा, हा पालाशविधी. रामकुंडाच्या परिसरात राहणाऱ्यांना हे नाव नवं नाही. १८७२च्या पुरावा कायद्याला सात वर्षं पुरली, धर्मशास्त्राने पाच जास्त दिली. पत्रकात हे घालू नका म्हणजे झालं, लोक यायचे नाहीत.

देवळाली कॅम्प
आमच्या गावाचं नाव अशाच वाट पाहण्यापायी इंग्रजी कोशात गेलंय. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर बोटीची वाट बघत देवळालीत महिनोन्महिने पडून असायचे. त्यावरून ‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला. पूर्ण रूप ‘डूलाली टॅप’, आणि त्यातला टॅप आपल्या तापाचाच भाऊबंद. खंदकात भ्रमिष्ट झालेल्या मानेकला इथला गोरा सोल्जर हेच म्हणाला असता.

पण तुमच्या शब्दाबद्दल. इथे तोफखान्याची घरं शेजारीपाजारी आहेत. अशा घरातली बाई ‘बेपत्ता’ म्हणत नाही. ती म्हणते, ‘त्यांचं काही कळलं नाही.’ नाहीतर, ‘ते आले नाहीत.’ मराठीत ‘गेले’ म्हटलं की माणूस संपला. म्हणून लढाईवर गेलेल्याबद्दलसुद्धा ‘गेले’ हा शब्द ओठांवर येऊ देत नाहीत. ‘आले नाहीत’मध्ये दार उघडं राहतं. नाम शोधताय कशाला, क्रियापद घ्या.

कॉलेज रोड
पटलं. मातिल्दही तसंच वागते. कुत्रं जेवायला हाक येण्याआधी खोलीत आलं तर मानेक जिवंत आहे, असं काहीबाही ती मनाशी ठरवत असते. याला मराठीत चांगला शब्द आहे : कौल लावणे. फक्त इथे ना देव ना गुरव. कुत्र्यालाच कौल.

जाता जाता एक. झाडाच्या खोडात कोरलेली म-म-म ही तीन अक्षरं सिनेमात दिसतील. फ्रेंचमध्ये त्या अक्षराचा उच्चार ‘एम’, आणि ‘प्रेम करतो’ला पण ‘एम’. म्हणजे मानेकचं मातिल्दवर की मातिल्दचं मानेकवर, दोन्हीकडून तेच. आपल्याला ही सोय नाही. मराठी क्रियापद ‘करतो’ की ‘करते’ हे सांगून मोकळं होतं. पत्रकात त्याचं भाषांतर करायला जाऊ नका, पडद्यावर कळतं.

गंगापूर रोड
सगळ्यांचे आभार. हे लिहिलंय : ‘मानेक मेला, असं सैन्याचे कागद सांगतात. मातिल्द म्हणते, तो अजून आला नाही. त्या दोन वाक्यांच्या मधला हा सिनेमा.’ ‘बेपत्ता’ गेला, ‘प्रियकर’ही गेला. बायकोने पास केलंय.

सिडको
तिसरं वाक्य काढा, जाहिरातीचं वाटतं. आणि नाव ‘माथिल्ड’ हवं ना?

गंगापूर रोड
काढलं. नाव ‘मातिल्द’च, फ्रेंच उच्चारात ह नाही. सबटायटल इंग्रजी आहेत, चष्मा विसरू नका.