तो ठोसा पडला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

परवा आईकडे माळा आवरताना दादाचं जुनं पोस्टर हाती लागलं. रिंगणात उताणा पडलेला बॉक्सर सनी लिस्टन आणि त्याच्या अंगावर ओरडणारा मुहम्मद अली. 25 मे 1965, अमेरिकेतलं ल्युइस्टन, पहिलीच फेरी. नील लायफरचा हा फोटो तुम्ही टीशर्टवर, सलूनमध्ये, जिमच्या आरशाशेजारी पाहिला असणारच. मला मात्र परवा पहिल्यांदा दिसलं, की अलीच्या दोन पायांमधून पलीकडे आणखी एक फोटोग्राफर दिसतो. बिचारा! क्षण तोच, फक्त बसायची बाजू चुकली. दादाने हे हॉलमध्ये लावलं तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "देवघरासमोर नको."

तर लिहा. कोण जिंकलं ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही कुठे होतात, शेजारी कोण होतं, घरी कोण ओरडलं ते सांगा. सिनेमातली झुंजही चालेल.

खडकीकर आजोबा
1974. आमच्या खात्यात अली आणि जॉर्ज फोरमनच्या झुंजीवर मिसळीची पैज लागली. मी फोरमनच्या बाजूने, आणि त्यात मूर्खपणा काहीच नव्हता. ज्या फ्रेझरने 1971 मध्ये अलीला हरवलं, त्याला फोरमनने दोन फेऱ्यांत सहा वेळा लोळवलेलं. केन नॉर्टन या बॉक्सरलाही दुसऱ्याच फेरीत गुंडाळलं. फोरमन पंचविशीचा, अली बत्तीस वर्षांचा. झुंज सप्टेंबरात ठरलेली, पण सरावात फोरमनच्या डोळ्यावर खोक पडली आणि तारीख 30 ऑक्टोबरवर गेली. महिनाभर डब्याच्या सुट्टीत दुसरा विषय नाही!

झुंज आफ्रिकेत, किन्शासात. तिथे पहाटेचे चार, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी ही अवेळ. आम्ही तर कामावर. एकाच्या भावाकडे शॉर्टवेव्हचा रेडिओ होता, तो दुपारी सायकल मारत गेटवर आला. म्हणाला, अली दोरांना रेलून नुसता मार खात होता. मी हात चोळले. मग म्हणाला, "मारून मारून फोरमनच दमला हो! आठव्या फेरीत आडवा." आठ जणांची मिसळ मी भरली, जादा पाव धरून. त्यातले दोघे तर पैजेत नव्हतेच.

शुक्रवार पेठ
आमचे आजोबा तालमीतले. मातीशिवाय कशालाच कुस्ती न मानणारे. त्यांना मी मोबाइलवर अली विरुद्ध इनोकी दाखवली. 26 जून 1976, टोकियो, एक मुष्टियोद्धा आणि एक पैलवान. इनोकी जवळजवळ पूर्णवेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारतोय, अली भोवती फिरतोय. असं पंधरा फेऱ्या, आणि शेवटी बरोबरी.

आजोबांनी अर्धं मिनिट पाहिलं. "पाठ लागली ना त्याची?"
"हो, पण आजोबा, इथले नियम..."
"पाठ लागली. चितपट. बंद कर ते."

अलीचे पाय नंतर चांगलेच सुजले होते, हे मी सांगायला गेलो. तोवर ते पान लावायला बसले होते.

कर्वेनगरची सून
जून 1997, रविवार सकाळ. सासरी नवीनच. पोहे घेऊन बाहेर आले तर टीव्हीवर बॉक्सर टायसन समोरच्या होलीफिल्डचा कान चावतोय. एकदा नाही, दोनदा! तिसऱ्या फेरीनंतर टायसनला बाद केलं. आजेसासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला आधी खायला घालायचं होतं." त्या घरात मी मोकळेपणी हसले ती हीच पहिली वेळ.

बालेवाडी
लंडन ऑलिंपिकआधी मेरी कोम आमच्याच भागात सराव करत होती, म्हणून ती आम्हाला घरचीच वाटायची. 2012 मध्ये बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आलं. सगळ्यात हलका वजनगट 51 किलोंचा, आणि हिचं नेहमीचं वजन त्याहून कमी. उपांत्य फेरीत ब्रिटनच्या निकोला ॲडम्सपुढे 6-11 अशी हरली. ॲडम्सचे हात लांब, हिला आत शिरायला वावच मिळेना. लेक तेव्हा नऊ वर्षांची. रडली नाही, मेडल मिळतंय ना एवढं विचारलं. कांस्य, म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दोन ओढण्या हाताला गुंडाळून उशीवर तुटून पडली. नणंद म्हणाली, नाक मोडलं तर लग्न कसं व्हायचं? नाक शाबूत आहे. लग्नाचं तिलाच विचारा, मी विचारत नाही.

सदाशिव पेठ, मूळ गुन्हेगार
'रॉकी' हा बॉक्सिंगचा सिनेमा पाहून आलो आणि त्याच्यासारखी कच्ची अंडी प्यायचं ठरवलं. मागे खरी गोष्ट आहे: 1975 मध्ये चक वेपनर नावाचा फारसा कुणाला ठाऊक नसलेला गडी अलीपुढे पंधराव्या फेरीपर्यंत टिकला, तिथून सिनेमाचा लेखक आणि नायक स्टॅलोनला सुचलं. मी एका अंड्यापुढे टिकलो नाही. तेही गॅलरीत उभं राहून, कारण आईने अंडं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं.

मग पायऱ्या. सिनेमात फिलाडेल्फियात रॉकीला 72 होत्या, आम्हाला पर्वतीच्या 103. पहाटे साडेपाचला धापा टाकत वर पोचलो, दोन्ही हात उंच केले, डोळे मिटले. मागून एक काकू म्हणाल्या, "देवळाचं दार तिकडे आहे. आणि मधे उभा राहू नकोस."