ट्रान्सप्लांट आणि जीन थेरपीची फेलोशिप, जागा कशावरून निवडायची?

प्रश्न:
हिमॅटॉलॉजीचं (रक्तविकारांचं) ट्रेनिंग संपत आलंय आणि पुढे एक वर्ष ट्रान्सप्लांट-सेल्युलर थेरपीची फेलोशिप करायचं पक्कं आहे. दोन जागा समोर आहेत. एकीकडे ॲलोजेनिक ट्रान्सप्लांट (दात्याच्या रक्त-मूळपेशी देणं, थोडक्यात ॲलो) भरपूर होतात पण जीन थेरपी जवळजवळ नाहीच, दुसरीकडे कार-टी (पेशंटच्या टी-पेशी बदलून कॅन्सरवर सोडणं) आणि सिकलसेल-थॅलेसेमियाच्या जीन थेरपीच्या ट्रायल्स जोरात चालू आहेत पण ॲलो फार कमी. सगळे म्हणतायत पुढचा काळ जीन एडिटिंगचा आहे, तिकडेच जा. पण मन पूर्ण तयार होत नाहीये. ज्यांनी हे केलंय किंवा फेलोंना शिकवतात त्यांनी प्लीज सांगा, वर्षभरात हाताखालून नक्की काय जायला हवं?

प्रतिसाद १:
ॲलो जास्त आहेत तिकडे जा, माझं तरी ठाम मत आहे. कॅसजेव्हीचंच घ्या, 2023 मध्ये मान्यता मिळालेली पहिली क्रिस्पर (जीन एडिट करायचं तंत्र) थेरपी. एडिटिंग होतं लॅबमध्ये, ते काही आपण करत नाही. आपल्यासमोर वॉर्डमध्ये असतो तो पेशंट ज्याला बुसल्फानचं मायलोॲब्लेटिव्ह कंडिशनिंग (जुनी अस्थिमज्जा रिकामी करणारी केमो) दिलंय, काउंट पडलेत, तोंड आलंय, ताप आहे, आणि मग वजन वाढायला लागलं, लिव्हर दुखायला लागलं, बिलिरुबिन चढलं की हे व्हीओडी (लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होणं) आहे का हे तुम्हालाच ओळखायचंय आणि त्यावरचं औषध डिफायब्रोटाइड कधी सुरू करायचं तेही तुम्हीच ठरवायचंय. म्हणजे काम ट्रान्सप्लांटचंच झालं ना! पेशी पेशंटच्या स्वतःच्या म्हणून जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेला हल्ला) नाही, एवढाच मोठा फरक. ॲलो नीट केलेला माणूस जीन थेरपी नंतर शिकतो, उलटं जड जातं.

प्रतिसाद २:
जीन थेरपीबद्दल पटलं, पण कार-टीचं तसं नाही हो. त्यानंतर होणारे सीआरएस (प्रतिकारशक्ती भडकून येणारा ताप, बीपी पडणं) आणि आयकॅन्स (मेंदूवरचा परिणाम) पुस्तकात वाचून येत नाहीत. काउंट शून्यावर आणि ताप, आता हे इन्फेक्शन की सीआरएस? अँटिबायोटिक तर चालू करायचंच, पण सीआरएसवरचं टोसिलिझुमॅब आत्ता की थांबून? आयकॅन्ससाठी पेशंटकडून एक वाक्य लिहून घेतात, 100 पासून दहा-दहा कमी करत मोजायला लावतात. सकाळी सरळ लिहिणाऱ्याचं अक्षर संध्याकाळी बिघडलं की लगेच लक्षात यायला हवं आणि ते रोज त्याच पेशंटला बघितलं तरच येतं. त्यामुळे ॲलोवाली जागा घेतलीत तरी दोन-तीन महिने कार-टीसाठी बाहेर पाठवतात का ते विचारून घ्या.

प्रतिसाद ३:
कलेक्शनचं कोणीच बोललं नाही. मी अफेरेसिस (मशीनने रक्तातून पेशी वेगळ्या काढणं) बघतो. सिकलसेलमध्ये मूळपेशी रक्तात उतरवायला जी-सीएसएफ देत नाहीत, क्रायसिस होऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून नुसतं प्लेरिक्साफॉर. त्यात एडिटिंगसाठी पेशी खूप लागतात, कधीकधी पेशंटला परत परत बोलवावं लागतं आणि तो पार वैतागून जातो. हे त्याला आधी समजावून सांगणारा डॉक्टर हवा. प्रोसेसिंग लॅबमध्ये पण थोडे दिवस बसा, सीडी34 (मूळपेशींची खूण) कसे मोजतात, गोठवलेली बॅग थॉ कशी करतात, स्वतः बघा.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, खूप क्लिअर झालं. कल ॲलोकडेच जातोय. इंटरव्ह्यूत अजून काय विचारू?

प्रतिसाद १:
लाँग टर्म फॉलोअप क्लिनिक फेलोला मिळतं का, हे सगळ्यात आधी. 100 दिवसांनंतरचं ट्रान्सप्लांट खूप जण शिकतच नाहीत. क्रॉनिक जीव्हीएचडीत डोळे कोरडे, तोंडात चट्टे, त्वचा कडक, आणि फुफ्फुसात शिरला तर पेशंटला दम लागायच्या आधी पीएफटी (फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी) घसरायला लागते, ती वेळेवर करून बघणारं कोणी नसेल तर गेलेली फुफ्फुसं परत येत नाहीत. जीन थेरपीत पण तेच. एक्स-लिंक्ड स्किडच्या (जन्मजात प्रतिकारशक्ती नसण्याचा आजार) सुरुवातीच्या ट्रायल्समध्ये व्हेक्टर (जीन पेशीत नेणारा व्हायरस) चुकीच्या जागी बसून काही मुलांना पुढे ल्युकेमिया झाला, म्हणूनच जीनोममध्ये घुसणाऱ्या व्हेक्टरसाठी एफडीए (अमेरिकेची औषध नियामक संस्था) 15 वर्षांचा फॉलोअप सांगते. त्या क्लिनिकमध्ये फेलोला बसू देत नसतील तर नाव कितीही मोठं असू दे, तिसरी जागा शोधा.