शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) ओसरत गेला, तरी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा कसे निवडून आले?

माणकाठ:
गणपतराव देशमुखांवरचे बहुतेक लेख त्यांच्या साध्या राहणीपाशी सुरू होतात आणि एस.टी.च्या प्रवासापाशी संपतात. ते सारे खरे असेल, पण केवळ साधेपणाच्या जोरावर अर्धशतकभर कोणी निवडून येत नाही. १९६२ साली ते प्रथम विधानसभेत गेले आणि २०१४ साली, वयाची ८८ वर्षे उलटल्यावर, अकराव्यांदा. एवढ्या काळात शेतकरी कामगार पक्ष राज्यातल्या प्रमुख विरोधी पक्षाच्या जागेवरून रायगड आणि सांगोल्यासारख्या मोजक्या ठिकाणांपुरता उरला. पक्ष आटत असताना हा एक मतदारसंघ का टिकला, याचे राजकीय उत्तर जाणकारांकडून हवे आहे.

जुनी फाईल:
आधी एक दुरुस्ती. ही सलग विजयांची मालिका नाही. १९७२ आणि १९९५ या दोन सार्वत्रिक निवडणुकांत ते पराभूत झाले. पहिल्या पराभवानंतर १९७४ च्या पोटनिवडणुकीने त्यांना परत आणले, तर दुसऱ्यानंतर १९९९ पर्यंत थांबावे लागले. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री झाले आणि १९९९ च्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी सरकारात पुन्हा मंत्री झाले. २००२ साली शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढला, त्यामागे मुख्यतः रायगडातले भांडण होते. म्हणजे कोकणातल्या वादापायी सांगोल्याचे मंत्रिपद गेले. तरीही त्यांनी पक्ष सोडला नाही. शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे हे संस्थापकच काँग्रेसमध्ये परतलेल्या पक्षात ही गोष्ट लहान नव्हे.

कोरडवाहू:
मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्या मते पाण्यात आहे. सांगोला हा माणदेशाच्या पट्ट्यातला पर्जन्यछायेचा तालुका. कृष्णेचे पाणी पश्चिमेकडच्या बागायती भागात फिरत होते आणि इथे दुष्काळी कामे, चाराछावण्या आणि टँकर हेच शासनाचे दर्शन होते. कृष्णेच्या पाण्याचे राज्याराज्यांत वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले पाणी २००० सालापर्यंत अडवून वापरात आणायचे होते, आणि ते कोणत्या तालुक्यांना मिळणार हा खरा झगडा होता. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव यांनी सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीत उभी केली, डॉ. भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते त्यात आले आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली गेली. टेंभूसारख्या उपसा योजना रखडत का होईना पुढे सरकल्या, त्यामागे हा रेटा होता. विशेष म्हणजे ही मागणी करणारा आमदार बहुतेक काळ विरोधी बाकांवर होता, आणि १९९५ ते १९९९ या काळात तर आमदारही नव्हता. तरी परिषदा थांबल्या नाहीत.

दुसरी गोष्ट सूतगिरणीची. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाना काढणे म्हणजे पुढारीपणाची पहिली पायरी; ऊस नसलेल्या तालुक्यात त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्यांना टाळे लागले, सांगोल्याची चालू राहिली. रोजगार देणारी संस्था व्यवस्थित चालते हे मतदाराला रोज दिसत असेल, तर पक्षाचे राज्यात किती आमदार आहेत याचा हिशेब तो करत नाही.

तिसरा कोन:
वरील विवेचन मान्य, पण त्यात मतांचे गणित राहून गेले आहे. तालुक्यात धनगर समाजाची संख्या मोठी आहे आणि गणपतराव त्याच समाजातले होते, हे वगळून चालणार नाही. मात्र तेवढ्यावर मराठा मतदार अकरा वेळा त्यांच्याकडे आला नसता. १९९९ नंतर राष्ट्रवादी काँग्रेसशी जुळवून घेतल्यामुळे विरोधी मते एकवटली नाहीत, हेही तितकेच निर्णायक. २०१९ साली ते स्वतः उभे राहिले नाहीत तेव्हा नातू अनिकेत देशमुख शहाजीबापू पाटलांकडून हजारापेक्षाही कमी मतांनी हरले.

माणकाठ:
तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. मला मात्र २०१९ चा आकडा उलट बाजूने बोलका वाटतो. उमेदवार नवखा, समोर युतीचा अनुभवी माणूस, राज्यात पक्ष जवळपास संपलेला, आणि तरीही फरक एवढाच. २०२१ च्या जुलैमध्ये गणपतराव गेले. २०२४ साली दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापच्याच उमेदवारीवर तिरंगी लढतीत निवडून आले. त्या विजयात मतविभागणीचा वाटा किती आणि पाणी परिषदेच्या पुण्याईचा किती, हे गावनिहाय आकडे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. कोणी ते तपासले असतील तर इथे अवश्य लिहावे.