तीन मुलं घरी शिकवायचीत, अभ्यासक्रम कुठला धरू?
मदत हवीये. आम्ही नाशिकला असतो, मुलं तीन, १३, १० आणि ८ वर्षांची, जूनपासून घरीच शिकवायचं ठरलंय. मोठीचं त्यातल्या त्यात सोपं, ती १४ ची झाली की एनआयओएसमधून (केंद्राचं मुक्त शाळा मंडळ) दहावी देईल, पाच विषय पुरतात. डोकेदुखी धाकट्या दोघांची, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात पण पाचवी आणि तिसरी वेगवेगळी शिकवायची म्हणजे दिवस त्यातच जाणार, स्वयंपाक कधी करू? परिसर अभ्यास दोघांचा एकत्र आणि गणित, भाषा तेवढी वेगळी, असं कोणी केलंय का? की सरळ एनआयओएसचं ओबीई (मुक्त मूलभूत शिक्षण) धरावं, त्यात तिसरी-पाचवीच्या लेव्हल आहेतच? (सासूबाई रोज विचारतात, सर्टिफिकेटचं काय!) दोन-तीन मुलं असणाऱ्यांनी प्लीज तुमचं टाइमटेबल सांगा ना.