अनुभव धागा : पुण्यात परवडणारं समुपदेशन आणि मानसोपचार

पेठेतली_पणती
परवा अळूवडीच्या धाग्यावर मध्येच एकीने विचारलं होतं, "यांना महिनाभर झोप नाही, कशात लक्ष नाही, समुपदेशकाची फी झेपत नाही, काय करू?" पुढच्या प्रतिसादापासून परत अळूची पानं सुरू झाली. फार वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका घरात अशीच वणवण चालली होती, ती आठवली. म्हणून वेगळा धागा काढतेय. इथे या क्षेत्रात काम करणारे आणि घरात आजार सांभाळणारे बरेच आहेत. आपबिती लिहायची गरज नाही. कुठे जायचं, कागद कोणते न्यायचे, गाडी कुठे अडते, एवढं सांगा.

सुरुवात मीच करते. १४४१६, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत. हा लागला नाही तर १८००-८९१-४४१६. आधी भाषा निवडायची, मराठी आहे. पहिल्यांदा समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. घरच्यांनी फोन केला तरी चालतो, आजारी माणसानेच करायला हवा असं नाही.

ओपीडीवाली
आधी कुणाकडे जायचं ते ठरवा, पैसे तिथेच वाया जातात. महिनाभर झोप नाही, भूक गेली, वजन उतरलं, कामावर जाणं बंद झालं, कानात आवाज येतात, नाहक संशय, मरणाचे विचार, यातलं काहीही असेल तर पहिली पायरी मानसोपचारतज्ज्ञ. म्हणजे एमबीबीएस करून पुढे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर. औषध डॉक्टरच लिहू शकतो, समुपदेशक नाही. नात्यातले ताण, परीक्षेची भीती, दुःख पचवणं, राग, यासाठी समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ. बऱ्याचदा दोन्ही लागतात, पण इतक्या त्रासात नुसत्या गप्पांच्या सत्रांवर दोन महिने काढले की पैसे संपतात आणि आजार तिथेच राहतो.

आणि हो, पहिल्या भेटीआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड मंदावला की माणूस हुबेहूब उदास दिसतो.

औंधकर
सरकारी पर्याय लिहितो. ससून रुग्णालयाचा मनोविकृती विभाग, औंधचं जिल्हा रुग्णालय, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय (वायसीएम). औंधला १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत, कारण ते सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहे. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, त्यामुळे तिथे शुल्क लागतं, पण अगदी कमी.

येरवड्याच्या नावाला लोक घाबरतात. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, तपासून औषध घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं. "येरवड्याला पाठवा" हे पुणेकरांनी इतकं बोलून ठेवलंय की गरजू माणूस फाटकापर्यंत जात नाही. फार वाईट वाटतं.

डेक्कनची_दुपार
औंधकर, मेट्रोने जाता येतं का? रिक्षाने पेशंटला नेणं अवघड होतं. गर्दी, हॉर्न.

औंधकर
ससूनला पुणे रेल्वे स्थानक, वायसीएमला संत तुकाराम नगर. येरवड्यालाही स्थानक झालंय, पण तिथून पुढे रिक्षा धरा. सकाळी ऑफिसची गर्दी असते, थोडं आधीच निघा.

ओपीडीवाली
सरकारी ओपीडीत पहिल्या दिवशी काय होतं ते माहीत असलं की चिडचिड कमी होते. आधी निवासी डॉक्टर सगळी हकीकत विचारतात : कधी सुरू झालं, घरात आणखी कुणाला होतं का, दारू-तंबाखू, झोप, आधीची औषधं. मग वरिष्ठ बघतात, ते यातलं बरंच पुन्हा विचारतात. हे मुद्दाम असतं, कंटाळून उत्तरं तोडू नका. अर्धा दिवस धरून चाला. सोबत रोज एकत्र राहणारी व्यक्ती हवी. गावाहून आलेल्या काकांना रात्री किती वाजता जाग येते ते ठाऊक नसतं. जुनी चिठ्ठी नसेल तर औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणा, आधार आणि रेशनकार्डाची प्रत ठेवा.

दर वेळी डॉक्टर बदलू शकतो, म्हणून एक वही ठेवा. तारीख, औषध, किती मिलिग्रॅम, काय त्रास झाला. नवा डॉक्टर दोन मिनिटांत सगळं समजून घेतो.

नऱ्ह्याची_हवा
वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं विसरू नका. धनकवडीला भारती, नऱ्ह्याला काशीबाई नवले, पिंपरीला डी. वाय. पाटील. तिथे मानसोपचार विभाग असतोच आणि ओपीडीचे दर खासगी दवाखान्यापेक्षा खूप खाली. ससूनची गर्दी नको असेल तर हा मधला मार्ग.

कुलकर्णी_वहिनी_नाहीत
+१. नवले पूल मात्र सांभाळून! उतारावर ट्रक फार जोरात येतात.

गोळी_वेळेवर
औषधाबद्दल. मी औषधनिर्माणशास्त्रातली आहे, त्यामुळे लांबण लागेल.

उदासीवरच्या गोळीचे त्रास, म्हणजे मळमळ, डोकं जड, थोडी जास्त अस्वस्थता, पहिल्या आठवड्यात येतात. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. त्रास आधी आणि फायदा नंतर, त्यामुळे दहाव्या दिवशी "सूट होत नाही" म्हणून गोळी बंद होते. तेवढे दिवस डॉक्टरांना फोन करून विचारत राहा, पण आपल्या मनाने थांबवू नका. बरं वाटायला लागल्यावर एकदम बंद केली तर चक्कर, झोप उडणं, अंगातून वीज गेल्यासारखं वाटणं असं होतं. ती गोळीची चटक नाही. हळूहळू कमी करत आणली की टळतं.

सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, उदा. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम. त्या थोड्या दिवसांसाठीच असतात. शेजारणीच्या चिठ्ठीवर आणून वर्षभर घेणारे लोक असतात, त्यांनी त्या एकदम सोडणंही धोक्याचं, झटके येऊ शकतात.

खर्च : एसिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन, ओलांझापिन ही सगळी जेनेरिक मिळतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, जन औषधी केंद्रात बिल बरंच उतरतं. आधी एकाच महिन्याचं घ्या, मात्रा बदलण्याची शक्यता असते.

शुभंकर_धायरी
लिथियम (मनाच्या टोकाच्या चढ-उतारांवरचं औषध) घेणाऱ्यांसाठी लिहा ना ताई. उन्हाळा आणि उपवास.

गोळी_वेळेवर
बरं झालं आठवण केलीत. लिथियमची रक्तपातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासतात. रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. गोळी घेऊन गेलात तर आकडा खोटा चढा दिसतो. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की पातळी वाढते. म्हणून निर्जळी उपवास नको, वारीत उन्हात चालणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी फोन. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नका, त्यानेही पातळी चढते. हात थरथरणं वाढलं, बोलणं जड झालं, तोल जायला लागला तर थांबू नका, सरळ इमर्जन्सी. किडनी आणि थायरॉइडची तपासणीही ठरलेल्या अंतराने हवी.

शुभंकर_धायरी
नव्यांसाठी : आमच्यात आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. धायरीला सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, १९९७ पासून. डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केली. शुभंकरांचे स्वमदत गट हा तिचा खरा आधार. औषध डॉक्टर देतो, पण "तो आठवडाभर आंघोळ करत नाही, काय करू" याचं उत्तर दुसरा शुभंकरच देतो. एकदम "आंघोळ कर" म्हणू नका. आधी तोंड धुणं, चार दिवसांनी शर्ट बदलणं, मग आंघोळ, अशा पायऱ्या करा. टोमणा नको, इतर भावंडांशी तुलना तर अजिबात नको. घरात आरडाओरडा आणि सततची टीका असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, यावर भरपूर अभ्यास झालाय.

डेक्कनची_दुपार
हे वाचून घरात मोठ्याने वाचून दाखवलं. आभार काका.

कर्वेनगर_कट्टा
समुपदेशकाचं. खासगीत एका सत्राला साधारण हजार ते अडीच हजार. पण बरेच समुपदेशक काही वेळा कमी फीसाठी राखून ठेवतात, ते पाटीवर लिहिलेलं नसतं. पहिल्या फोनवरच सरळ म्हणा : "मला महिन्याला इतकेच जमतील, पंधरा दिवसांतून एकदा चालेल का?" यात लाज वाटण्यासारखं काही नाही, त्यांना हा प्रश्न नवा नसतो. सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीची मानसशास्त्र संस्था आहे, मुलांच्या चाचण्या आणि मार्गदर्शनासाठी तिथे चौकशी करा.

नाव ठरवण्याआधी शिक्षण विचारा. "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा, परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. समुपदेशकासाठी निदान मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि कुणाच्या देखरेखीखाली काम केलंय ते विचारा. दोन दिवसांचा कोर्स करून "लाइफ कोच" झालेल्याला आजार सोपवू नका. दहा सत्रांचे पैसे आगाऊ मागणारा, औषधं बंद करा म्हणणारा, "शंभर टक्के बरं करतो" म्हणणारा, या तिघांकडून उठून या.

सत्र ४५-५० मिनिटांचं. विचार-वर्तनावरच्या उपचाराला साधारण ८ ते १६ सत्रं धरा, मधल्या आठवड्यात लिहायचा गृहपाठ असतो. तो न केल्यास पुढचं अर्धं सत्र त्यातच जातं, म्हणजे तुमचेच पैसे. तीन-चार सत्रांनंतरही मोकळं बोलता येत नसेल तर तसं त्यांनाच सांगा, चांगला समुपदेशक दुसरं नाव सुचवतो.

अर्धा_कप
अळूवडीचा धागा कुठे गेला पण? चिंच किती घालायची ते राहिलंच.

पेठेतली_पणती
वरच आहे गं. लिंबाएवढी.

रात्रपाळी
दारूसाठी कुणी लिहिलं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी कोंडून एकदम तोडू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम, घाम, भास सुरू होऊ शकतात, यात जीव जातो. दवाखान्यातच सोडवायची. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथे पिणाऱ्यांच्या पत्नींसाठी सहचरी गटही आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना फी नसते, घरच्यांसाठी अल-अनॉन.

आणि कृपा करून, "गाडी पाठवतो, उचलून नेतो" म्हणणाऱ्या केंद्रांच्या नादी लागू नका. तिथे मारहाण झाली तर कळायलाही मार्ग नसतो. आधी नोंदणीचं प्रमाणपत्र बघा, डॉक्टर रोज येतात का आणि नातेवाइकांना कधी भेटू देतात ते विचारा.

कायदा_कोपरा
रात्रपाळी यांना पूर्ण अनुमोदन. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. जबरदस्तीने भरती वाटेल तशी करता येत नाही. कलम ८९ मध्ये नामनिर्देशित प्रतिनिधीने अर्ज करायचा, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. हा प्रतिनिधी कोण ते माणूस बरा असतानाच साध्या कागदावर लिहून सही करून ठेवा, कलम १४. ऐन वेळी भावाभावांत वाद होतात ते टळतं.

आत्महत्येचा प्रयत्न झाला तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. कलम ११५ प्रमाणे तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात. १०८ ला फोन करा, पुढचं नंतर.

विमा : कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. बहुतेक पॉलिस्यांत भरती झाल्यावरच पैसे मिळतात, ओपीडी आणि सत्रं बाहेर राहतात. धर्मादाय रुग्णालयात भरती करायची वेळ आली तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. वार्षिक उत्पन्न अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत. तहसीलदाराचा दाखला आणि रेशनकार्ड भरतीच्या वेळीच द्या, बिल झाल्यावर धावपळ होते.

औंधकर
दाखल्याचा विषय निघालाच आहे तर दिव्यांग प्रमाणपत्राचंही. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. मोजमाप आयडियाज पद्धतीने होतं : स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं, काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण, शिवाय आजाराला किती वर्षं झाली त्याचे. एकूण ७ आले की ४० टक्के दिव्यांगत्व धरतात. लोक तपासणीच्या दिवशी माणसाला छान कपडे घालून, पढवून नेतात आणि "सगळं करतो हो" सांगतात. रोजचं जसं आहे तसंच सांगा. जुने केसपेपर सगळे न्या, वर्षांचे गुण त्यावरच मिळतात. आयकराच्या जुन्या करप्रणालीत त्या माणसाला स्वतःला किंवा त्याला सांभाळणाऱ्या घरच्यांना ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख.

डेक्कनची_दुपार
निरामय विमा यात बसतो का?

औंधकर
नाही. ते ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसाठी आहे.

अर्धा_कप
आजी-आजोबांसाठी १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. मुलांसाठी १०९८. घरात मारहाण असेल तर १८१, शिवाय पुणे पोलिसांचा भरोसा सेल. नुसतं कुणी ऐकून घ्यावं असं वाटत असेल तर पुण्याचीच कनेक्टिंग संस्था, प्रशिक्षित स्वयंसेवक फोनवर ऐकतात, सल्ले देत बसत नाहीत.
भात लावलाय, पळते.

पेठेतली_पणती
अळूवडीवाल्या ताईंनी आत्ता निरोप टाकलाय, त्या कात्रजला राहतात. भारती जवळ पडेल ना? सोमवारी जायचं म्हणतायत, यजमान तयार आहेत.

ओपीडीवाली
हो, भारतीच. शनिवारीच फोन करून मानसोपचार ओपीडीचा वार आणि नोंदणीची वेळ विचारून घ्या म्हणावं. थायरॉइडचा रिपोर्ट असेल तर सोबत. आणि मधल्या दोन दिवसांत जीव नकोसा झाल्याचं ते बोलले तर सोमवारची वाट बघायची नाही, तडक तिथल्याच इमर्जन्सीत. घरातल्या गोळ्या आणि फवारणीची औषधं आजच कुलपात ठेवा.