मदत हवी आहे: सरकारी दवाखान्यातल्या मधुमेहाच्या तपासण्यांचा हिशोब कुणाकडे मागायचा? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आईचं वय ६६, मधुमेह बराच जुना. तिची औषधं आमच्या भागातल्या सरकारी रुग्णालयाच्या एनसीडी क्लिनिकमधून (मधुमेह, रक्तदाब अशा असंसर्गजन्य आजारांचा विभाग) येतात. बाबांचं पेन्शन बेताचं, दर महिन्याला खाजगी डॉक्टर परवडत नाही. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड बहुतेक वेळा मिळतात, तेही फुकट, आणि आमच्यासारख्या घराला त्याचा फार मोठा आधार आहे. त्यामुळे गोळ्यांबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगते.

प्रश्न तपासण्यांचा आहे. पर्ची काढायची, रांगेत बसायचं, बोट टोचून साखर बघतात, बीपी घेतात, आकडे कार्डावर लिहितात, गोळ्या देतात, की पुढचा पेशंट. डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेरची गर्दी बघितली की एकेकाला किती वेळ देणार हे कळतं. तरीही इतक्या वर्षांत तिथे आईला कुणी चप्पल काढून पाय दाखवायला सांगितलेलं नाही. डोळ्यात थेंब घालून पडदा पाहिलेला नाही. लघवीतलं प्रथिन तर कधीच नाही. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) विचारलं की किट संपलंय, बाहेरून करून आणा.

याचा परिणाम काय होतो ते आम्ही भोगलं. संक्रांतीच्या आधी आईचं एक जोडवं बोटात रुतायला लागलं होतं. साबणाचं पाणी लावून मी ते हळूहळू फिरवत काढलं, तर खाली गोल जखम, कडेची कातडी पांढरी पडलेली आणि आत पू. मला बघवेना, आणि आई शांतपणे म्हणाली, "अगं, दुखत नाहीये मला." खाजगी सर्जनकडे नेलं. त्यांनी एक नायलॉनचा जाडसर तंतू घेतला, आईला डोळे मिटायला सांगितलं आणि तळव्याला एकेका जागी टेकवून "कळतंय का?" विचारत गेले. बहुतेक ठिकाणी ती काहीच बोलली नाही, कारण तिला काही कळलंच नव्हतं. बोट वाचलं. पण ही तपासणी दोन-तीन मिनिटांची, तंतूची किंमतही फार नाही. ती वर्षातून एकदा झाली असती, तर पायातली संवेदना गेलीय हे आधीच समजलं असतं आणि जोडवी केव्हाच काढून ठेवली असती.

मूत्रपिंडाचंही तेच. त्यांचं काम फारच मंदावलं असेल तर मेटफॉर्मिन बंद करावं लागतं. मग क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळणारी रक्ततपासणी) न बघता वर्षानुवर्षं तीच गोळी कशी काय देत राहतात?

माझा आतेभाऊ इंग्लंडमध्ये औषधाच्या दुकानात काम करतो. त्याच्याशी बोलताना कळलं की तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत मधुमेहींच्या वर्षाच्या ९ तपासण्या ठरलेल्या आहेत: एचबीए१सी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन), पाय, डोळ्यांचा पडदा, वजन आणि धूम्रपानाची विचारपूस. मग मी वाचत गेले. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०१२ मध्ये एक अहवाल दिला होता. २००९-१० मध्ये या सगळ्या ९ तपासण्या जेमतेम निम्म्या मधुमेहींच्या झाल्या, आणि भागाभागात इतका फरक की एकीकडे ६ टक्के तर दुसरीकडे ६९ टक्के. त्यावर सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीने आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारला आणि त्याच वर्षी आपला अहवाल दिला. २०१५ मध्ये लेखापरीक्षकांनी पुन्हा जाऊन काय सुधारलं ते पाहिलं.

तिकडे सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही, अहवालच सांगतो की नव्हतं. पण कमी पडलंय हे सरकारी कागदावर आकड्यानिशी आलं, कारण कुणीतरी मोजत होतं.

आपल्याकडे मधुमेहासारख्या असंसर्गजन्य आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, २०२३ मध्ये त्याचं नाव बदललं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी करायची म्हणून आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. २०२५ पर्यंत रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी लोकांना नीट उपचारांखाली आणायचं उद्दिष्टही जाहीर झालं होतं. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासाप्रमाणे देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. म्हणजे नोंदणी होतेय, औषध पोचतंय. पण नोंदलेल्यांपैकी किती जणांचे पाय पाहिले, किती जणांचे डोळे पाहिले, हे कुणी विचारतं का?

माझ्या ओळखीत आईसारखे बरेच ज्येष्ठ आहेत, मंडळात दर गुरुवारी भजनाला भेटतात. एकट्या आईसाठी भांडून काही होणार नाही, सगळ्यांच्या वतीने लिहावं असं ठरतंय. पण लिहायचं कुणाला? रुग्णालयाला, सीएमएचओंना (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी), भोपाळला, की केंद्राला? माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहिला म्हणजे गोल-गोल उत्तर येणार नाही? आणि ज्या नर्सताई आम्हाला इतकी वर्षं सांभाळून घेतात, त्यांच्यावर बालंट येऊ नये, ही माझी मोठी काळजी आहे.

– मालव_मीरा

प्रतिसाद: जुना_इंदूरकर

मीराताई, आईंना जपा. तातडीच्या गोष्टीसाठी सीएम हेल्पलाइन १८१ वापराच. एचबीए१सीचं किट नाही, क्रिएटिनिन होत नाही, अशी नेमकी एकच बाब सांगा, तारखेसकट. तक्रार ठरलेल्या मुदतीत सुटली नाही की वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. समाधान झाल्याशिवाय "बंद करा" म्हणू नका, त्यासाठी फोन येतात.

दुसरं, रुग्णालयाच्या रोगी कल्याण समितीकडे जा. आज देशभर असलेल्या या समित्यांची सुरुवात आपल्या इंदूरच्या एमवायमधूनच (महाराजा यशवंतराव रुग्णालय) झाली. १९९४ मध्ये उंदरांनी पोखरलेलं ते अख्खं रुग्णालय रिकामं करून साफ केलं, तेव्हा गावाने पैसा आणि माणसं दोन्ही दिली होती. नागरिकांनी रुग्णालयाच्या कारभारात लक्ष घालायचं, हा त्यातला मूळ विचार. तंतू, लघवीच्या पट्ट्या असल्या किरकोळ खरेदीसाठी भोपाळची वाट बघायची गरज पडू नये, समितीच्या पैशातून होऊ शकते.

प्रतिसाद: लष्करवाले_काका

मी ग्वालियरचा. आपल्या राज्याच्या महालेखाकारांचं कार्यालय इथेच आहे, आणि माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो, बेटा.

ऑडिटवाल्याला आधी मापदंड लागतो. खरेदी, साठा, खर्च तपासणं सोपं, नियम समोर असतात. "पाय तपासले नाहीत" असा आक्षेप घ्यायचा तर पाय वर्षातून एकदा तपासायचे असं सरकारच्याच कागदात लिहिलेलं दाखवावं लागतं. इंग्लंडमध्ये त्यांना २००१ सालची मानकं हाताशी होती, म्हणून तो अहवाल उभा राहिला. तेव्हा पहिलं काम: राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२३–२०३० च्या मार्गदर्शक सूचना आणि राज्याने जिल्ह्यांना पाठवलेली परिपत्रकं यांतून पाय, डोळे आणि मूत्रपिंडाबद्दलची वाक्यं काढून ठेव.

मग अर्ज. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली जे रेकॉर्डवर आहे तेच मिळतं. "तपासणी का होत नाही?" असं विचारलंस की उत्तर येणार, असं काही अभिलेखात उपलब्ध नाही. म्हणून "का" हा शब्द अर्जात नकोच. असं माग: अमुक आर्थिक वर्षात क्लिनिकमध्ये नोंदलेले मधुमेही किती, त्यांपैकी किती जणांचं क्रिएटिनिन प्रयोगशाळेच्या रजिस्टरात आहे, नेत्र विभागाकडे किती जणांना पाठवलं, एचबीए१सीच्या किटच्या साठा रजिस्टरची पानं, आणि जिल्हा आरोग्य समितीच्या ज्या बैठकांत या कार्यक्रमाचा आढावा झाला त्यांची कार्यवृत्तं (इतिवृत्तं). कुणाचं नाव मागू नकोस, रुग्णाचंही नाही आणि कर्मचाऱ्याचंही नाही. फक्त आकडे. नर्सबाईंची काळजीही त्यातच मिटते.

अर्ज हिंदीत लिही, शुल्क १० रुपये, कारण सांगायची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. रजिस्टर प्रत्यक्ष बघायची परवानगीही कायद्यात आहे. तीही माग, कारण आकडा तयार नाही म्हणाले तर तुम्ही स्वतः मोजू शकता.

भोपाळ-दिल्ली नंतर. आरोग्य हा राज्याचा विषय आहे, या कार्यक्रमाचा पैसा केंद्र ६० आणि राज्य ४० असा येतो, त्यामुळे दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील. जिल्ह्याचे आकडे हातात आले की आमदारांना विधानसभेत प्रश्न टाकायला सांगा आणि एक प्रत आमच्या जुन्या कार्यालयाला पाठवा. कामगिरीच्या ऑडिटसाठी विषय निवडताना अशा कागदांचा उपयोग होतो. तो अहवाल पुढे आपल्याही लोकलेखा समितीकडेच जातो.

प्रतिसाद: सिस्टर_बडोदा

ताई, मी बडोद्याला सरकारी नोकरीत आहे, असंच क्लिनिक सांभाळते. नर्सवर बालंट नको हे तुम्ही लिहिलंत, वाचून बरं वाटलं.

आतलं सांगते. महिनाअखेरीला मी जो अहवाल भरते त्यात तपासले किती, नवे सापडले किती, औषध चालू किती, परत आले किती, साखर आटोक्यात किती, असं असतं. वरून फोन येतो तो या रकान्यांसाठी. ज्याचा रकाना नाही ते काम आपण मनापासून केलं तरी कुणाला दिसत नाही, आणि गर्दी वाढली की सगळ्यात आधी तेच सुटतं. मी आता टोकन दिल्यावर बाकावर बसलेल्यांनाच मोजे-चप्पल काढून ठेवायला सांगते आणि बोटांच्या बेचक्या बघून घेते. कार्डाच्या कोपऱ्यात "पाय पाहिले" आणि तारीख लिहिते. तुमच्या निवेदनात एवढं जरूर मागा: कार्डावर पाय, डोळे, क्रिएटिनिन आणि लघवी यांच्या तारखेच्या चार ओळी छापून द्या. आम्हालाही डॉक्टरांना आठवण करून देता येते.

आणि आईंना रोज रात्री तळपाय आरशात बघायची सवय लावा. अनवाणी देवळात प्रदक्षिणा घालताना पातळ मोजे घालू द्या, उन्हाळ्यात तर नक्कीच.

मालव_मीरा

काका, सिस्टर, जुना_इंदूरकर, तिघांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलेल्या मुद्द्यांवर अर्ज लिहायला घेतलाय. सिस्टरांच्या चार ओळी वेगळ्या निवेदनात, रोगी कल्याण समितीच्या नावाने. त्यावर मंडळातल्या सगळ्या मधुमेहींच्या सह्या गुरुवारी घेऊ.

आता दोन गोष्टी अडल्यात. सरकारी हिंदी माझी कच्ची आहे, "अभिलेख", "कार्यवृत्त" असे शब्द नेमके कुठे वापरतात ते कुणी अर्ज वाचून सुधारून देईल का? आणि इंदूरच्या दुसऱ्या भागातलं कुणी आपापल्या क्लिनिकसाठी हाच अर्ज करायला तयार असेल तर कृपया इथे लिहा. एकाच रुग्णालयाचे आकडे आले तर त्यांनाच दोष दिल्यासारखं होईल. चार-पाच ठिकाणचे आले तर जिल्ह्याचं चित्र दिसेल. सुदामानगर, परदेशीपुरा, महूकडचं कुणी आहे का?