निकेनचं खरं काम पुढच्या चाकांत
भाऊ, निकेन जीटीला, म्हणजे यामाहाच्या पुढे दोन चाकं असलेल्या तीनचाकी बाईकला, साध्या बाईकपेक्षा वेगळं काय जपावं लागतं, असं तुम्ही विचारलंत. इंजिन ऑइल, चेन नेहमीसारखंच. खरं काम पुढे आहे. दोन चाकांना मिळून चार फोर्क (चाक धरून धक्के झेलणाऱ्या नळ्या), म्हणजे त्यांतलं तेल अडवणारे सीलही जास्त. शिवाय गाडी झुकवणाऱ्या दांड्यांचे बेअरिंग. आपल्या यावल-चोपड्याकडची काळी माती ओली झाली की नेमकी तिथेच बसते आणि वाळली की निघता निघत नाही. वॉशिंग सेंटरवाल्याला तिथे प्रेशरचं पाणी थेट मारू देऊच नका, माती सीलच्या आत ढकलली जाते. आधी भिजवा, मग मऊ फडक्याने पुसा. पुढचे टायर १२०/७० मापाचे, १५ इंची. बदलाल तर जोडीनेच. हवा दोन्हीत सारखी, टायर थंड असताना. मे महिन्यात जळगावला ती पहाटेच तपासा.